धुण्याचा दगड

पहारीच्या दुसऱ्या हिसक्याला दगड उलटला आणि चिखलातून आधी एक कान वर आला.

लांब, खांद्याला टेकलेला कान. मी वरच्या पायरीवर धुण्याची बादली घेऊन उभी होते. काम कधी संपतंय, मला कपडे कधी धुता येतील, एवढंच विचारायला आले होते. खाली सहा माणसं गुडघाभर गाळात उभी होती, त्यांत माझा नवरा बस्त्यावही होता. खालच्या अंगाला काहीतरी कोरलंय, असं तो म्हणाला. मी दोन पायऱ्या उतरले आणि बादलीतलं पाणी दगडावर ओतलं. चिखल ओघळत गेला. मिटलेले डोळे दिसले, टोक उडालेलं नाक दिसलं, आणि मांडीवर एकात एक ठेवलेले दोन हात.

मी बौद्धांच्या घरात वाढलेली मुलगी. हा चेहरा कुणाचा, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

सात वर्षं मी त्या दगडावर धुणं आपटलं होतं. सासऱ्यांच्या शेवटच्या दुखण्यातल्या चादरी, मुलीची दुपटी, बस्त्यावचे कारखान्यातले तेलकट कपडे, सगळं त्याच्या पाठीवर. आळीतल्या सगळ्याच बायका तिथं धुणं धुवायच्या. सपाट, गुळगुळीत, अडीच हात लांब दगड. असा दगड दुसरीकडे नाही, असं आम्ही कौतुकानं म्हणायचो.

माझ्या सासूबाई नातालीन माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी खाली बघितलं, कपाळ, छाती आणि दोन्ही खांद्यांना हात लावून क्रूसाची खूण केली आणि घराकडे चालायला लागल्या. मला वाटलं, त्यांना किळस आली. तेवढ्यानंही माझ्या डोक्यात जाळ झाला.

ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यातली. वसईत समुद्राच्या बाजूला आमची तळेआळी. सत्तर घरं, सगळी कॅथलिक. आळीच्या तोंडाशी क्रूस आणि क्रूसामागे बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. त्या तळ्यावरच सगळ्यांच्या केळी आणि फुलांच्या वाड्या जगायच्या. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की पुरुष मिळून गाळ काढायचे. त्या वर्षी जुना दगड हलवून सिमेंटची पायरी करायची असं ठरलं होतं.

मी चिपळूणकडची, यशोधरा कासारे. वसईच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागले, तिथं हात कापून घेऊन आलेल्या बस्त्यावची मलमपट्टी केली आणि वर्षभरानं त्याच्याशी लग्न केलं. रजिस्टर लग्न. मी धर्म बदलला नाही, त्यानंही नाही. सासूबाईंनी एकच अट घातली होती. बुद्धाची तसबीर ओटीवर लावायची नाही. म्हणून ती सात वर्षं स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीच्या वरच्या खणात होती.

आळीनं मला वाईट वागवलं, असं कुणी म्हणणार नाही. कुणी शिवी दिली नाही, कुणी दार लावलं नाही. ताप आला, साखर वाढली, बाळाला लस द्यायची, की "नर्सबाईंना बोलवा." माझ्या हातची सुई सत्तर घरांत चालायची. माझ्या हातचा चहा मात्र कुणाच्या ना कुणाच्या आजारपणामुळे, उपासामुळे, नुकत्याच झालेल्या चहामुळे राहून जायचा. आणि प्रत्येक लग्नात, प्रत्येक सणात, कुणीतरी म्हातारा मला ऐकू जाईल अशा बेतानं सांगायचा की पोर्तुगीज येण्याआधी आम्ही ब्राह्मण होतो. साडेचारशे वर्षांपूर्वी सोडलेला धर्म, पण त्यातली जात तेवढी यांनी नीट घडी घालून जपून ठेवली होती.

त्याच संध्याकाळी क्रूसाजवळ बैठक झाली. पास्कूकाका बोलले. पास्कल तुस्कानो, माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ, निवृत्त पोस्टमास्तर, आळीचे प्रमुख. पांढरा सदरा, मृदू आवाज, चर्चमध्ये दर रविवारी बायबलचं वाचन करणारे. त्यांनी सांगितलं की ही बातमी आळीबाहेर जाता कामा नये. सरकारला कळलं तर बावखलाला कुंपण पडेल, वाड्यांचं पाणी जाईल. आणि सरकारच्या आधी दुसऱ्या कुणाला कळलं तर उद्या इथं झेंडे येतील, परवा विहार उभा राहील. दुसरं कुणी म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे सांगायची गरजच नव्हती.

मग काय करायचं, असं कुणीतरी विचारलं. दगड होता तसा उपडा ठेवायचा आणि त्यावरच पायरी ओतायची, असं काका म्हणाले.

मी उभी राहिले. त्या आळीच्या बैठकीत मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

"तो दगड नाही, काका."

"बरं, मूर्ती म्हणू," ते म्हणाले. "तुमच्या देवाची मूर्ती. तुमच्या भावना मी समजतो."

"तो देव नाही. माणूस होता."

ते हसले. मनापासून, लहान मुलाकडे बघून हसावं तसे. "मग तर काहीच अडचण नाही. माणसाचा पुतळा पायरीखाली गेला म्हणून काय बिघडतं?"

लोकही हसले.  मी एवढंच म्हणाले की तुमच्या क्रूसावरच्या माणसाला असा चिखलात घातलेला तुम्हाला चालेल का. हसणं थांबलं. पास्कूकाकांचा आवाज आणखी मृदू झाला. घाई नको, ते म्हणाले, रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर फादरांना विचारून ठरवू, तोवर दगडाला कुणी हात लावायचा नाही. हा आपला शब्द, असं म्हणून त्यांनी क्रूसाच्या चौथऱ्यावर हात ठेवला.

घरी आल्यावर मी बस्त्यावला विचारलं की तू का बोलला नाहीस. तो जेवणाच्या ताटाकडे बघत राहिला. पास्कूकाकांसमोर आपल्या घरातलं कुणी आजवर बोललेलं नाही, असं म्हणाला. मग म्हणाला, "इथंच राहायचंय आपल्याला, यशो."

"मग मी कुठं राहते?"

त्यानं ताट बाजूला सारलं. सासूबाई चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. 

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून येताना मी एकटीच फादर हिलरींकडे गेले. चांगला माणूस. त्यांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली, चहा मागवला, आणि मला सांगितलं की चर्च आता सगळ्या धर्मांचा आदर करतं, बुद्धाविषयी त्यांना स्वतःला फार आदर आहे, सेमिनरीत धर्मगुरूचं शिक्षण घेताना त्यांनी त्याच्यावर निबंध लिहिला होता. मी म्हणाले, मग रविवारी वेदीवरून एवढंच सांगा की ही मूर्ती सरळ उभी करून ठेवावी. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. आळीतल्या प्रश्नात धर्मगुरूनं पडणं बरं दिसत नाही, असं म्हणाले. लोकांची मनं हळूहळू तयार करावी लागतात. चर्चमध्ये शांतता राहिली पाहिजे. त्या माणसानं मला खुर्ची दिली, चहा दिला, निबंधाचं नावही सांगितलं. फक्त शब्द दिला नाही.

पलीकडच्या वस्तीत आमच्या समाजाचं मंडळ होतं. तिथल्या अध्यक्षांना नुसता निरोप धाडला असता तरी शंभर माणसं क्रूसापाशी येऊन उभी राहिली असती. माझ्या मनात ते चार वेळा आलं. पण मग त्या शंभर माणसांसमोर आळीची सत्तर घरं उभी राहिली असती, मधे पोलीस, आणि माझी पाच वर्षांची मुलगी यातल्या कोणत्या बाजूला, हे मला ठरवता येईना. म्हणून मी सरकारी नोकराला जमतं ते केलं. शुक्रवारी अर्ज लिहिला. अमुक ठिकाणी पुरातन मूर्ती सापडली आहे, तिला धोका आहे, तातडीनं पाहणी व्हावी. तहसील कचेरीतल्या कारकुनानं अर्जावर शिक्का मारला आणि साहेब सोमवारी येतील असं सांगितलं. सोमवार म्हणजे तीनच दिवस. आणि पास्कूकाकांनी क्रूसावर हात ठेवून रविवारपर्यंतचा शब्द दिला होता. मी निर्धास्त झाले.

पोस्टमास्तर माणूस. तालुक्यातल्या प्रत्येक कचेरीत त्यांची ओळख. माझा अर्ज त्यांना शनिवारीच कळला असणार, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

रविवारी सकाळी सगळी आळी मिस्साला गेली. मी शेजारच्या आळीत एका आजीला इन्सुलिन द्यायला गेले होते. परत येताना बावखलाच्या कडेनं आले आणि पाय जागच्या जागी थांबले. दोन परके मजूर थापी धूत होते. पायरीच्या जागी चारी बाजूंनी फळ्या ठोकल्या होत्या आणि त्या चौकटीत काठोकाठ ओलं काँक्रीट. वरून थापीनं साफ केलेलं, चकचकीत.

मी विचारलं, खालच्या दगडाचं काय केलं. मजूर म्हणाला, खाली थर टाकून त्यावर पालथा घातलाय, मास्तरांनी तसंच सांगितलं होतं. मिस्सा सुटायच्या आत काम संपवायला सांगितलं होतं.

म्हणजे ते तिकडे वेदीजवळ उभे राहून पवित्र शास्त्राचं वाचन करत होते, हात स्वच्छ धुतलेले, आणि त्यांचा शब्द इकडे काँक्रीटखाली चालला होता.

चर्चची घंटा झाली, लोक परतायला लागले. मी क्रूसापाशी रस्त्यातच उभी राहिले. मी ओरडले नाही, निदान मला तसं आठवतंय. मी प्रत्येकाला विचारत होते की कुणाला माहीत होतं. माणसं खाली बघत होती, बायका पदर सावरत होत्या. फादर हिलरी आपल्या स्कूटरवरून आले, गर्दी बघून थांबले, पण उतरले नाहीत. पास्कूकाका सगळ्यांत मागून आले.

"काम झालं," ते म्हणाले. "आता वाद संपला. उगाच आळीत फूट नको."

"तुम्ही शब्द दिला होता."

"आणि तुम्ही अर्ज दिला होता," ते म्हणाले. "आमच्या पाठीमागं. सून म्हणून घेतलं तुम्हाला, आणि तुम्ही सरकार आणता आमच्या पाण्यावर. तुमच्या लोकांची ही सवय जायची नाही."

तेव्हा बस्त्याव पुढे आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. पण तो काही बोलायच्या आत त्याच्या मागून सासूबाई बोलल्या.

"सांग की त्यांना, पास्कू."

मिस्साचं लाल चौकड्यांचं लुगडं, हातात प्रार्थनेचं पुस्तक. साठीची बाई. सात वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता, आताही चढला नव्हता.

"काय सांगू, वहिनी?"

"तो दगड उपडा पडला नव्हता. उपडा घातला होता. कुणी घातला, ते सांग."

काका म्हणाले की ऊन फार झालंय, वहिनींना घरी न्या. कुणी हललं नाही. मग सासूबाईंनीच सांगितलं, आणि माझ्याकडे बघून सांगितलं, जणू बाकी कुणी तिथं नव्हतंच.

सासूबाई चौपन्न साली लग्न होऊन तळेआळीत आल्या, तेव्हा ती मूर्ती बावखलाच्या काठी उंडीच्या झाडाखाली उभी होती. कुणाची, ते कुणाला ठाऊक नव्हतं. बायका तिला कानवाला बाबा म्हणायच्या. कुणाच्या पोराचा कान दुखला, कान वाहिला, की आई कोमट खोबरेल घेऊन यायची, आधी बाबाच्या कानाला लावायची, मग पोराच्या. मेणबत्ती पेटवायची, 'नमो मरिये'ची एक प्रार्थना म्हणायची आणि घरी जायची. फादरांना माहीत होतं. ते काही म्हणायचे नाहीत. बस्त्याव आठ महिन्यांचा असताना त्याचे दोन्ही कान वाहत होते आणि डॉक्टर दूर होता. नातालीन सलग नऊ दिवस गेल्या होत्या.

"छप्पन साली पलीकडच्या वस्तीनं धर्म बदलला," त्या म्हणाल्या. "पुढच्या वैशाखात ते लोक आले. पाचसहा जण होते, पांढरे कपडे घालून. त्यांनी आपल्या बाबाला ओळखलं. फुलं वाहिली, हात जोडले आणि आपल्यालाही हात जोडून गेले. एवढंच केलं त्यांनी."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळे जेवायला बसले असताना, पास्कूकाकांचे वडील दुमिंग चार जणांना घेऊन बावखलावर गेले. जातीचं नाव घेऊन ते म्हणाले की हा आता त्यांचा झाला, आपल्या आळीत नको. फोडायला निघाले होते, पण फोडताना बायका रडायला लागल्या, म्हणून पालथा घातला आणि धुण्यासाठी ठेवला. उंडीचं झाडही तोडलं. पहार धरणाऱ्यांत एकवीस वर्षांचा पास्कू होता.

"त्या दिवशी मला कळायला हवं होतं," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या पोराचे कान त्यानं बरे केले, आणि तो दुसऱ्यांचाही आहे एवढं कळल्यावर आम्ही त्याचं तोंड चिखलात घातलं. माझी सासू म्हणाली, आता तो नुसता दगड आहे, धुवायला लाग. मी लागले. सदतीस वर्षं धुतलं."

मग त्या काकांकडे वळल्या. "तू म्हणालास तिला, तुझा देव. तिचा नव्हता रे तेव्हा. आपलाच होता."

 माझी अपेक्षा होती की पास्कूकाका नाकारतील, खोटं म्हणतील. ते नुसते म्हणाले की झालं ते झालं, काँक्रीट घट्ट झालं आता.

"नाही झालं अजून," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी प्रार्थनेचं पुस्तक माझ्या हातात दिलं, चपला काढल्या आणि बावखलाच्या पायऱ्या उतरल्या. फळीशी गुडघे टेकून बसल्या आणि ओल्या काँक्रीटमध्ये दोन्ही हात कोपरापर्यंत घातले. ओंजळ भरभरून त्या ते बाहेर टाकायला लागल्या. खडी, वाळू, सिमेंट, सगळं. लुगड्यावर, तोंडावर उडत होतं. सगळ्या आळीच्या देखत, एक साठीची विधवा.

मी गेले. बस्त्याव माझ्याआधी पोचला होता. त्यानं मजुरांचं घमेलं ओढून घेतलं. मग दोन म्हाताऱ्या आल्या, रोझा आणि शेजारची मोनीबाय. त्याही त्या काळातल्या सुना. त्यांना काही सांगावं लागलं नाही. बाकी आळी काठावर उभी होती. तरुणांपैकी फक्त दोघे उतरले. फादर हिलरींची स्कूटर तिथंच होती. मी एकदा वर बघितलं तेव्हा ते टोपी हातात धरून उभे होते. नंतर बघितलं तेव्हा नव्हते.

वर ऊन तापत होतं. खालचा थर घट्ट व्हायला लागला होता, तो पहारीनं फोडावा लागला. अर्ध्या तासानं दगडाची पाठ दिसली. तिघांनी पहारी लावून तो सुलटा केला. डोळ्यांत, कानांत, मांडीवरच्या हातांत सिमेंट भरलं होतं. सासूबाईंनी ते कुणाला काढू दिलं नाही. बोटांनी, नखांनी, पाणी ओतत ओतत त्या साफ करत राहिल्या. सिमेंट कातडी जाळतं, हे मला नर्स म्हणून माहीत होतं. पाच मिनिटांत हात धुवायला हवे होते. पण मी त्यांना थांबवलं नाही. मी त्यांच्या हातांकडे बघत होते आणि मला वाटत होतं की थांबवलं तर हे सगळं पुन्हा बंद होईल. त्या एक वाक्य सारखं पुटपुटत होत्या. मी वाकून ऐकलं. त्या म्हणत होत्या, "कान राहू दे, कान राहू दे, बाबा." एका कानाची कड तेवढी गेली.

दुपारी मी त्यांच्या हातांना पट्ट्या बांधल्या. बोटांच्या टोकांची कातडी गेली होती, तळव्यांवर पांढरे चट्टे. भरून यायला दोन महिने लागले. व्रण कायमचे राहिले. उजव्या हाताची दोन बोटं पुढे कधी पूर्ण उघडली नाहीत.

सोमवारी साहेब आले नाहीत. मंगळवारी आले. फोटो काढले, मापं घेतली, मूर्तीच्या पायाशी रंगानं नंबर घातला आणि लवकरच गाडी येऊन घेऊन जाईल असं सांगून गेले. गाडी अजून यायची आहे. मूर्ती बावखलाच्या काठी सरळ उभी आहे. पाण्यावर कुंपण पडलं नाही. वैशाखी पौर्णिमेला वस्तीतले लोक पांढरे कपडे घालून येतात, वीसपंचवीस जण, हात जोडतात, हळू आवाजात वंदना म्हणतात आणि जातात. विहार बांधा असं कुणी म्हटलं नाही. इतर दिवशी आळीतल्या काही बायका येतात. त्या का येतात ते मी विचारत नाही.

मात्र आळीनं आम्हाला सोडलं नाही. दोन वर्षं आमच्या घरी लग्नाचं आमंत्रण आलं नाही. क्रूसाच्या सणात आमच्या घराची पाळी वगळली. सासूबाईंचं चर्चमधलं पुढच्या बाकावरचं स्थान गेलं. त्या मागे बसायला लागल्या, पण एकही रविवार चुकवला नाही. बुद्धाची तसबीर त्यांनी स्वतःच्या हातानं, त्या अवघडलेल्या हातानं, खणातून काढली आणि ओटीवर खिळा ठोकायला बस्त्यावला सांगितलं. मी बौद्ध राहिले. त्या कॅथलिक राहिल्या. त्यावर आमच्यात कधी बोलणं झालं नाही.

सात वर्षांनी चर्चच्या उत्सवाची पुस्तिका छापली. तिच्यात आमच्या मूर्तीचा फोटो होता. बाजूला पास्कूकाका उभे, पांढऱ्या सदऱ्यात, हात मूर्तीच्या खांद्यावर. समोरच्या पानावर लिहिलं होतं की तळेआळीच्या ग्रामस्थांनी आपला प्राचीन ठेवा पिढ्यान्‌पिढ्या जपला. मी ती पुस्तिका सासूबाईंना वाचून दाखवली. मला वाटलं, चिडतील. त्यांनी ती माझ्या हातून घेतली, फोटोचं पान फाडून बायबलमध्ये ठेवलं आणि मजकुराचं पान चुलीत घातलं.

दोन हजार आठ साली त्या गेल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या. सकाळी सगळी आळी आली, बहिष्कार टाकणारेही आले, मयताला आमच्याकडे सगळे येतात. पास्कूकाकांची सून लिल्यान अंघोळ घालायला, लुगडं नेसवायला मदतीला आली. तिचा हात हलका होता. तिनं शवपेटीत सासूबाईंच्या हातांत जपमाळ गुंफली, आणि मग पिशवीतून पांढऱ्या जाळीचे हातमोजे काढले. म्हणाली की हात फार विद्रूप दिसतात, बरं दिसणार नाही, घरूनच आणलेत. घरून म्हणजे कुणी सांगून, ते मी विचारलं नाही. मी वळले तोवर तिनं ते चढवलेही होते.

मी पेटीपाशी गेले आणि एकेक बोट सोडवत ते मोजे काढले. जपमाळ पुन्हा नीट गुंफली. ती दोन बोटं वाकलेलीच राहिली, तशीच राहू दिली.

पवित्र पाणी शिंपडायला रांग लागली. पास्कूकाका काठी टेकत आले. त्यांनी पाणी शिंपडलं, क्रूसाची खूण केली आणि त्यांची नजर हातांवर गेली. ते वाकून माझ्या कानाशी आले.

"वहिनीचे हात झाका," ते म्हणाले. "लोक बघतात."

"बघू देत," मी म्हणाले. "चौदा वर्षं तुम्ही बघितलं नाहीत, काका. आता बघा."

मी आवाज कमी केला नव्हता. मागची रांग थांबली. ते उभे राहिले, मला वाटलं त्याहून जास्त वेळ उभे राहिले. मग त्यांनी मान खाली घातली, आणि रांग पुन्हा हलली.

पेटीचं झाकण लागेपर्यंत मी उशाशी उभी राहिले. कुणी पुन्हा मोजे घालू नयेत म्हणून.